तिने निवडलेल्या स्प्रिंगा

मंगळवारी दुपारी सुजाता गेली. डायलिसिस चालू होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. नर्स आली आणि म्हणाली, "आत या." मी आत गेले. मशीन बंद केलेलं होतं.

सुजाता माझी मोठी बहीण. ती मोटरसायकलची इंजिनं शर्यतीसाठी नव्याने बांधून द्यायची. जरीपटक्याच्या बाजारामागच्या रस्त्यावर तिचं वर्कशॉप आहे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आई-बाबा गेल्यानंतर घरात आम्ही दोघीच होतो. तिच्या नखांत काळं तेल असायचं आणि माझ्या बोटांना जुन्या पुस्तकांची धूळ. जेवायला बसताना ती माझ्या हातांकडे बघून म्हणायची, "तूही हात धुऊन घे वं, तुयी घाण दिसत नाही म्हणून काय झालं..." तिला जाऊन आता काही आठवडे झाले. आजवर मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं शांतपणे काही सुचत नव्हतं. अजूनही शांतपणे सुचत नाही. पण तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक गोष्ट बोलली गेली आणि ती गावभर झाली. ती तशीच राहू द्यायची नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे बुद्धवंदना झाली की एकेक जण उठून गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतो. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या, माइक हातोहात फिरत होता. शाळेतल्या मैत्रिणी बोलल्या, शेजारचे काका बोलले. मग नंदूभाऊ उठले. नंदूभाऊही इंजिनंच बांधतात. सुजाताच्या बरोबरीने या धंद्यात उतरलेले, तिचे जुने स्पर्धक आणि जुने स्नेहीसुद्धा. हातात रुमाल होता, डोळे खरोखरच ओले होते. ते म्हणाले, "मॅडम शेवटपर्यंत लढल्या. डावा हात कामातून गेला होता, तरी इंजिन बांधून राहिल्या होत्या. प्रफुल्लच्या शर्यतीच्या गाडीत त्यांनी नरम स्प्रिंगा टाकल्या. आता घट्ट स्प्रिंग दाबणं त्यांच्याच्यानं झालंच नसंल, बिचारीच्यानं. कोणी नाव ठेवू नका. शर्यतीच्या आधी मी त्या बदलून देतो. हीच माझी श्रद्धांजली समजा."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी तरी हुंदका दिला. मी आयुष्यात कधी माइकवर बोललेली नाही, ग्रंथालयाच्या वर्धापनदिनालासुद्धा नाही. पण मी उठले, त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "स्प्रिंगा बदलायच्या नाहीत." पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून खाली बसले. मागून मावशीने माझा पदर ओढला. "काहून वं वंदना? तो बिचारा चांगलंच तर बोलून राहिला!"

चांगलंच बोलत होते, तेच तर दुखलं. ती जिवंत असती तर नंदूभाऊ तिच्याशी भांडले असते, "मॅडम, ही स्प्रिंग चालणार नाही" म्हणून टेबलावर हात आपटला असता. ती मेली म्हणून त्यांनी तिला माफ करून टाकलं. माफ करायला आधी चूक असावी लागते. तिची चूक नव्हती. आणि हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं नाही, मी तिथे होते.

ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही असंच सांगितलं गेलं होतं. इंजिनाला श्वास घेण्यासाठी व्हॉल्व्ह असतात, म्हणजे उघडझाप करणारी दारं. कॅमशाफ्ट, म्हणजे आमच्या बोलण्यातला कॅम, नावाचा एक दांडा फिरतो, त्याला उंचवटा असतो. उंचवटा आला की दार ढकललं जातं आणि उघडतं, उंचवटा गेला की स्प्रिंग त्याला मागे ओढून बंद करते. दार किती खोल उघडतं त्याला लिफ्ट म्हणतात. लिफ्ट वाढवली की हवा जास्त, ताकद जास्त. म्हणून शर्यतवाला प्रत्येक माणूस आधी लिफ्ट मागतो. पण इंजिन फार वेगाने फिरायला लागलं की स्प्रिंगला दार वेळेवर बंद करता येत नाही. दार अधांतरी राहतं, खालून पिस्टन येतो आणि त्यावर आदळतो. ते होऊ नये म्हणून लोक सरळ सगळ्यात घट्ट स्प्रिंग घालतात. सुजाताचं सगळं भांडण या 'सरळ'शी होतं. घट्ट स्प्रिंग उंचवट्यावर सतत दाबून बसते, त्याला घासते, आणि जी ताकद चाकाला मिळायची ती स्वतःला दाबून घेण्यात खाते. ती म्हणायची, "स्प्रिंग म्हणजे मारकुटा मास्तर झाला ना वं. पोट्टे वेळेवर वर्गात येतात, पण शिकत काहीच नाही."

हे शहाणपण तिला फुकटात मिळालेलं नव्हतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ती कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात लागली होती. तिथे स्प्रिंगांचा जोर मोजायचं यंत्र होतं. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा असं यंत्र घेणं शक्य नव्हतं. एके दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा नाहीसा झाला. संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले तर तो ड्रिल मशीनच्या खाली ठेवलेला, त्यावर स्प्रिंग उभी, आणि ही मशीनचा दांडा हळूहळू खाली आणून स्प्रिंग दाबते आहे आणि काट्यावरचा आकडा वाचते आहे. "अगं, माझा काटा!" मी म्हणाले. "तुया केकाले आता हातानंच अंदाज घ्या लागंल," ती म्हणाली, "मैदा चुकला तं कोणाचा पिस्टन फुटत नाही." त्यानंतर आमच्या घरात केक झाला नाही, आणि खरं सांगायचं तर आधीही तो धड होत नव्हता.

त्या सुरुवातीच्या काळात तीही नंदूभाऊंसारखीच होती. पहिल्याच शर्यतीच्या इंजिनात तिने मोठ्या लिफ्टचा कॅम घातला, घट्ट स्प्रिंगा घातल्या आणि त्या आणखी घट्ट व्हाव्यात म्हणून खाली वॉशरही घातले. बंद दाराच्या वेळचा जोर तिने काट्यावर मोजला, तो अगदी हवा तसा होता. पण दार पूर्ण उघडलं की स्प्रिंग किती दबते, हे वॉशरची जाडी धरून तिने पाहिलंच नाही. लिफ्ट वाढली होती, जागा कमी झाली होती. दार पूर्ण उघडताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली, ती लोखंडाची नळी असावी तशी ताठ झाली, आणि कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा वरचा रॉकर मधोमध तुटला. पहिल्याच फेरीत. मैदानावर सगळे हसले. दुसरा कुणी असता तर त्याने तो रॉकर भंगारात टाकला असता. तिने तो वर्कशॉपच्या दारातच तारेने टांगला. नवं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "मॅडम, सगळ्यात कडक स्प्रिंग टाका," की ती नुसतं बोट वर करायची. "तो पाह्यला का? तो मायाच हातचा आहे. आता बोला."

त्यानंतर तिची कामाची पद्धत उलटी झाली. आधी स्प्रिंग नाही, आधी वजन. व्हॉल्व्ह घासून हलका करायचा, स्प्रिंगला धरून ठेवणारा त्यावरचा कप हलका करायचा, मग कॅमचा उतार असा घडवायचा की दार धाडकन न आपटता सावकाश बसेल. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी विचारायचं, आता कमीत कमी किती जोराची स्प्रिंग पुरेल? लोक जास्तीत जास्त किती ते विचारत, ही कमीत कमी किती ते विचारायची. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा किती उरते ते बघायला ती घरून कणकेचा गोळा न्यायची. पिस्टनवर कणीक थापायची, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं, पुन्हा उघडायचं. कणकेत व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटलेला असे. तो सुरीने कापून ती जाडी मोजायची. मला कितीदा तरी दुपारी फोन आला आहे, "येताना थोडी कणीक मळून आणशील का... घट्ट मळ, पोळ्यांसारखी नको." मी एकदा चुकून मीठ घातलेली नेली तर म्हणाली, "हाव, आता पिस्टनले चटणी बी दे."

मग किडन्या गेल्या. डायलिसिससाठी डाव्या हातात शीर जोडून घेतली, आणि त्या हाताने जड उचलायचं नाही, दाब द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नातेवाइकांनी दुकान बंद करायला सांगितलं. तिने आठवड्याचे दिवस वाटून घेतले, दवाखान्याचे दिवस दवाखान्याचे, बाकीचे वर्कशॉपचे. "सुजाता, आता आराम कर," असं मावशी म्हणाली तेव्हा ती म्हणाली, "मशीनवर झोपूनच तं राहते ना अर्धा आठवडा. अजून किती आराम करू?" लोक तिला धीराची म्हणायचे, सोशिक म्हणायचे. ती सोशिक मुळीच नव्हती. डायलिसिसच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येतो म्हणून तिने तिथल्या इलेक्ट्रिशियनला इतकं बोलून घेतलं की त्याने बेअरिंग बदललं.

प्रफुल्ल भिवापूरचा. तिथे त्यांची मिरचीची गिरणी आहे, आणि हा तिशी ओलांडलेला माणूस मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवतो. त्याची गाडी तिने आधीही बांधली होती. या मोसमासाठी तो आला तो मिरचीची पिशवी घेऊनच. "ताई, यंदा मले नंबर पाह्यजे. लिफ्ट वाढवा, कडक स्प्रिंगा टाका. सगळे तेच टाकून राहिले." तिने दाराकडे बोट केलं. तो वर न बघताच म्हणाला, "पाह्यला ताई, दरवेळी पाहतो. पण यंदा तुम्ही एकदा टाकून तं पाहा." ती म्हणाली, "ठीक आहे. टाकून पाहू."

इथेच या कामात मी आले. ड्रिल मशीनचा दांडा उजव्या हाताने ओढता येतो, पण हेडवर बसवताना स्प्रिंग क्लॅम्पने दाबून धरायची आणि तेवढ्यात कपाच्या बाजूने दोन बारीक पाचरी सरकवायच्या, याला दोन्ही हात लागतात. घट्ट स्प्रिंगला तर अंगाचा जोर लागतो. तेव्हा क्लॅम्प मी धरला. पुस्तकांचे गठ्ठे उचलून माझे हात बऱ्यापैकी मजबूत आहेत. ती शेजारी स्टुलावर बसून सांगायची, "अजून... अजून... थांब! आता हालू नको, शिंकू बी नको." घट्ट स्प्रिंगा बसल्या. मोठ्या लिफ्टचा कॅम बसला. प्रफुल्लने गाडी फिरवली आणि खुश झाला. सुजाता खुश नव्हती. तिने त्याला आणखी दोन-तीन दिवस चालवायला सांगितलं, मग इंजिन उघडायला लावलं आणि कॅम हातात घेऊन खिडकीपाशी गेली. उंचवट्याच्या टोकावर बारीक रेघा आल्या होत्या. तिने त्यांवरून नख फिरवलं. माझंही बोट धरून फिरवलं. नखाला त्या लागत होत्या.

"पाह्यल्या?" ती म्हणाली. "अजून शर्यत सुरू बी नाही झाली, अन् हा सोलून निघून राहिला."

"पण ताई, ताकद तं वाटते," प्रफुल्ल म्हणाला.

"आवाज वाटते तुले. ताकद कुठं लागते? वळणातून निघताना. तिथं तुयी स्प्रिंग तुयाशीच कुस्ती खेळून राहिली. वर जाऊन किंचाळायले बक्षीस नाही देत कोणी."

मग तिने नवा कॅम करून घेतला, लिफ्ट जराशी कमी, उतार लांब. कप घासून हलके केले. आणि मला घट्ट स्प्रिंगा काढायला लावल्या. त्या काढताना मी तिला सरळ विचारलं. मी शांत स्वभावाची आहे, पण हे विचारल्याशिवाय राहवलं नाही. म्हणाले, "हे माझ्या हातांसाठी तर नाही ना करत? मला जड जातंय असं वाटून? तसं असेल तर मी पुन्हा बसवते." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की तिला धाप लागली. "तुया हाताची कीव आली असती तं तुले घट्ट कणीक मळाले लावली असती काय वं मी इतके वर्षं?" आणि जरा वेळाने, हसू ओसरल्यावर, "वंदना, मले जे येते ना, तेच करून राहिली मी. येत नाही ते नाही करून राहिली, असं नको समजू..."

नव्या स्प्रिंगा तिने ड्रिलखाली एकेक मोजून निवडल्या. पुष्कळ नाकारल्या. निवडलेल्याही मीच दाबल्या, आणि त्या काही लोण्यासारख्या मऊ नव्हत्या. एवढं सगळं होऊन इंजिन पुन्हा जोडून झालं, प्रफुल्ल गाडी घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी ती गेली.

म्हणून त्या दिवशी मी माइक घेतला होता. पण गाडी माझी नव्हती. समाजमंदिराच्या बाहेर चपला घालताना प्रफुल्ल माझ्याजवळ आला. खाली बघून म्हणाला, "वंदनाताई, सगळे म्हणून राहिले का बदल. नंदूभाऊ चांगले माणूस आहेत. मी काय करू?" त्याच्या प्रश्नात लबाडी नव्हती, भीती होती. शर्यतीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला तर पूर्ण मोसम जातो. मी म्हणाले, "मला इंजिनातलं कळत नाही. पण कॅमवरच्या रेघा तूही बघितल्यास आणि मीही. स्प्रिंगा तिने थकून घातल्या असं तुला वाटत असेल तर खुशाल बदल. नसेल वाटत, तर दुसऱ्याच्या श्रद्धांजलीसाठी तिचं इंजिन उघडू नकोस." तो गाडी सुरू करून निघून गेला.

शर्यतीच्या दिवशी सकाळीच मी मैदानावर गेले. आजवर कधी गेले नव्हते, ती असतानासुद्धा नाही. धूळ, आवाज, कानांवर हात ठेवून बसलेली मी. माझ्या बाजूला नंदूभाऊ उभे होते. त्यांच्या गिऱ्हाइकाचीही गाडी होती. प्रफुल्ल हेल्मेट घालण्याआधी माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, "ताईच्याच आहेत." मग पांढरा झेंडा, हिरवा झेंडा, मला काही कळलं नाही. एवढं कळलं की प्रत्येक वळणातून निघताना ती गाडी पुढच्या गाडीच्या जवळ येत होती आणि सरळ रस्त्यावर पुन्हा थोडी मागे पडत होती. नंदूभाऊ डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. वेग टोकाला गेला की इंजिन अडखळेल, याची ते वाट पाहत होते हे मला दिसत होतं. मीही वाट पाहत होते.

प्रफुल्ल दुसरा आला. पहिला नाही. मला हे नीट लिहायला हवं, कारण लोक आता सांगताना त्याला पहिला करतात. तो दुसरा आला, एका गाडीच्या अंतराने, आणि सरळ रस्त्यावर जास्त लिफ्ट असती तर कदाचित पहिला आला असता. ती असती तर यावर दोन दिवस भांडली असती. पण मला नंबर बघायचा नव्हता. मी प्रफुल्लला म्हणाले, "उघड." नंदूभाऊंना म्हणाले, "तुम्हीच उघडा. सगळ्यांसमोर."

लोक गोळा झाले. इंजिन थंड होईपर्यंत कुणी चहा आणला, कुणी शेंगदाणे. नंदूभाऊंनी बाह्या वर केल्या आणि हेड उतरवलं. दार अधांतरी राहून पिस्टनवर आदळलं असतं तर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण पडली असती. त्यांनी पिस्टनचा माथा फडक्याने पुसला, वाकून उजेडात बघितला. पुन्हा पुसला. मग कॅम काढला आणि उंचवट्यावर नख फिरवलं. एकदा, दोनदा. कुणीतरी मागून विचारलं, "काय नंदूभाऊ, काय म्हणते?"

"काही नाही म्हणत," ते म्हणाले. "साफ आहे." आणि नख पुन्हा एकदा फिरवून, "साली, एक रेघ नाही."

ती शिवी त्यांच्या भाषणापेक्षा मला जास्त आवडली. तिला हीच श्रद्धांजली कळली असती.

गेल्या रविवारी ते वर्कशॉपवर आले. म्हणाले, "वंदनाताई, त्या कॅमची नक्कल काढू द्याल काय? माह्या पोट्ट्यांच्या गाड्यांत टाकून पाहीन म्हणतो. त्याच स्प्रिंगांसंगं." मी म्हणाले, "काढा. पण कुणी विचारलं तर सुजाताचा कॅम म्हणायचं. आणि तिला बिचारी म्हणायचं नाही. कधीच नाही." ते म्हणाले, "नाही म्हणणार." मग हसले. "बिचारी कायची... मले तीस माणसांसमोर हेड उघडायले लावलं तिनं, मेल्यावर बी."

नक्कल काढून झाल्यावर कॅम परत आला आहे आणि प्रफुल्लच्या इंजिनात बसला आहे. स्प्रिंगा त्याच आहेत. पुढची शर्यत त्यांच्यावरच होईल.